पारणे नसलेला उपवास : ॲनोरेक्सिया नर्व्होसाच्या मराठी आकलनाची चिकित्सा

प्रास्ताविक

मीरा-भाईंदर शहरात वर्षभर कोणाचा ना कोणाचा उपवास चालू असतो. भाईंदरच्या जैन उपाश्रयांत पर्युषणाच्या दिवसांत अठ्ठम, अठाई यांसारख्या तपश्चर्या होतात. मीरा रोडच्या नयानगर परिसरात रमजानचे रोजे असतात. उत्तन-डोंगरीच्या ख्रिस्ती वस्त्यांत राखेच्या बुधवारपासून प्रायश्चित्तकाळ सुरू होतो. मराठी घरांत एकादशी, संकष्टी, हरतालिका आणि चातुर्मासातील नेम असतातच. २०११ च्या जनगणनेनुसार आठ लाखांवर लोकसंख्या असलेल्या या शहरातील महाविद्यालयांत या चारही परंपरांतील मुली एकाच बाकावर बसतात. अशा ठिकाणी एखादी मुलगी डबा उघडत नाही, ही गोष्ट कोणालाच खटकत नाही. ‘उपवास असेल’ एवढ्या एका वाक्यावर विषय संपतो.

बहुतेक वेळा ते वाक्य खरेही असते. परंतु काही वेळा ते खरे नसते, आणि ते कळेपर्यंत महिने उलटून गेलेले असतात. ॲनोरेक्सिया नर्व्होसा या आजारात व्यक्ती स्वतःचा आहार सातत्याने घटवत जाते. शरीर धोक्याच्या पातळीपर्यंत खंगले तरी तिला थांबता येत नाही. मानसिक आजारांत सर्वाधिक मृत्युदर असलेल्या आजारांमध्ये याची गणना होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक संकलित अभ्यासानुसार या आजारात दर हजार रुग्णांमागे वर्षाला सुमारे पाच मृत्यू होतात आणि त्यांपैकी साधारणपणे पाचातला एक मृत्यू आत्महत्येमुळे होतो. मुलगेही या आजारातून सुटलेले नाहीत, मात्र किशोरवयीन व तरुण मुलींमध्ये त्याचे प्रमाण अधिक आहे.

प्रस्तुत लेखाचा हेतू या आजाराचा वैद्यकीय परिचय करून देणे एवढाच नाही. मराठी समाज ‘न जेवणे’ ही कृती कोणत्या शब्दांत समजून घेतो, त्या शब्दांआड हा आजार कसा दडून राहतो, पाश्चात्त्य निकष येथे कोठे अपुरे पडतात आणि मराठी परंपरेतीलच ‘पारणे’ ही संकल्पना आजार ओळखण्यास व त्यातून बाहेर येण्यास कितपत उपयोगी ठरू शकते, यांचा विचार येथे करावयाचा आहे.

नावातील दोष

विल्यम गल या इंग्रज वैद्याने १८७३ मध्ये लंडनमध्ये या आजाराविषयी निबंध वाचला आणि ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव रूढ केले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये शार्ल लासेग यानेही अशाच रुग्णांचे वर्णन केले होते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘भूक नसणे’ असा होतो. मराठीत त्याला ‘क्षुधानाश’ असा प्रतिशब्द दिला जातो. शब्दशः तो चूक नाही, पण मूळ नावातला दोषही त्याच्याबरोबर मराठीत येतो. या आजारात भूक नाहीशी झालेली नसते. निदान आरंभीच्या काळात तरी ती तीव्र असते आणि रुग्ण तिच्याशी अहोरात्र झगडत असतो.

उपासमारीचा मनावर काय परिणाम होतो, हे १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी केलेल्या प्रयोगातून स्पष्ट झाले. ३६ निरोगी तरुणांनी स्वेच्छेने सुमारे सहा महिने अर्धपोटी राहण्याचे मान्य केले. त्यांचे वजन साधारणपणे एकचतुर्थांशाने घटले. परंतु अभ्यासकांचे लक्ष वेधून घेतले ते त्यांच्या वागणुकीतील बदलांनी. ते दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तके वाचू लागले, एकेक घास लांबवून खाऊ लागले. ते चिडखोर व एकलकोंडे झाले, काहींना खोल नैराश्य आले. पोटभर अन्न पुन्हा मिळू लागल्यावरही मन पूर्वपदावर यायला बराच काळ लागला. घरातील सर्वांसाठी हौसेने स्वयंपाक करणारी, पदार्थांचे व्हिडिओ तासन्‌तास पाहणारी आणि स्वतः मात्र दोन घासांवर ताटावरून उठणारी मुलगी कुटुंबाला कोड्यात टाकते. या प्रयोगाच्या प्रकाशात तिचे वागणे उलगडू लागते. तिच्या स्वभावातील म्हणून दाखवल्या जाणाऱ्या अनेक गोष्टी प्रत्यक्षात उपासमारीच्या खुणा असतात.

‘क्षुधानाश’ या शब्दाचा व्यावहारिक परिणामही लक्षात घेण्याजोगा आहे. भूक मेली आहे असे समजले की उपाय भुकेवर होतो. टॉनिक, पाचक, जंतांचे औषध, मग पाळी चुकते म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ, अशा वाटेने कुटुंब फिरत राहते. मानसोपचाराचा दरवाजा या वाटेवर सर्वांत शेवटी येतो.

न जेवण्याचे मराठी शब्द

मराठीत न जेवण्यासाठी शब्दांची वाण नाही. देवासाठी न जेवणे हा उपवास, मागणीसाठी न जेवणे हे उपोषण, मिळत नाही म्हणून न जेवणे ही उपासमार. वैद्याच्या सांगण्यावरून न जेवणे हे लंघन, तोंडाला चव नसल्याने न जेवणे ही अरुची, माणसावरचा राग ताटावर काढणे हा रुसवा. अलीकडच्या काळात त्यांत ‘डाएट’ या शब्दाची भर पडली आहे. यांपैकी प्रत्येक शब्दाला एक ठरलेले कारण आहे आणि एक गृहीत धरलेला शेवट आहे. रुसवा काढला की रुसलेला माणूस जेवतो, ताप उतरला की लंघन संपते, तिथी उलटली की उपवास सुटतो.

उपोषणाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९३२ च्या सप्टेंबरमध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी केलेले उपोषण करार झाल्यावर कस्तुरबांच्या हातून संत्र्याचा रस घेऊन सुटले. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले आणि दहा दिवसांनी ते सोडले. दोन्ही उपोषणांत मागणी जाहीर होती, ती कोणाकडे केली आहे हे स्पष्ट होते आणि ती मान्य झाल्यावर अन्न घेतले जाणार हेही ठरलेले होते. सुझी ऑर्बाक या स्त्रीवादी मानसोपचारतज्ज्ञ लेखिकेने १९८६ मधील आपल्या ग्रंथाला ‘हंगर स्ट्राइक’ असे नाव दिले आणि ॲनोरेक्सियाकडे स्त्रीच्या निषेधाची भाषा म्हणून पाहिले. स्त्रीच्या शरीरावरील सामाजिक दडपण ठळकपणे मांडणारे म्हणून हे रूपक मोलाचे आहे. परंतु ज्या प्रदेशाने खरी उपोषणे पाहिली आहेत, तेथील वाचकाला त्याची मर्यादाही चटकन जाणवते. रुग्ण मुलीला आपली मागणी सांगता येत नाही. घरच्यांनी तिचे सर्व म्हणणे मान्य केले तरी तिला जेवता येत नाही. सत्याग्रही आपल्या निर्धाराचा धनी असतो, आजारात निर्धारच माणसाचा धनी झालेला असतो.

‘रुसवा’ हा शब्द तर अधिकच घातक ठरतो. मुलगी रुसली आहे असे मानले की एकतर तिची मनधरणी होते किंवा ‘भूक लागली की येईल आपोआप’ असे म्हणून तिला तिच्या वाटेवर सोडले जाते. या आजारात भूक लागूनही ती येत नाही, हे त्या शब्दात मावत नाही.

‘उपासमार’ या शब्दाशी निगडित आणखी एक आक्षेप अध्यापकवर्गातही ऐकू येतो. ज्या देशात माणसे अन्नावाचून राहतात तेथे भरल्या ताटावरून उठण्याला आजार म्हणणे हे सुखवस्तू घरांचे चोचले नव्हेत काय, असा तो आक्षेप आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ या वयोगटातील १८.७ टक्के भारतीय स्त्रिया कमी वजनाच्या व ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. या वास्तवाकडे पाठ फिरवून कोणतीही चर्चा करता येणार नाही. मात्र त्याच वास्तवामुळे हा आजार अधिक अदृश्य होतो. जेथे स्त्रीने सर्वांना वाढून मागाहून, उरलेसुरले खाण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तेथे तिच्या ताटात किती होते हे पाहण्याची सवयच घराला लागलेली नसते. ‘माझं झालंय जेवून’ या उत्तराची शहानिशा कोणी करीत नाही.

‘डाएट’ या शब्दाने यात नवी गुंतागुंत आणली. पूर्वी ‘सुकलीस’, ‘वाळलीस’ या शब्दांत काळजी असे. आज ‘बारीक झालीस’ हे वाक्य कौतुकाने उच्चारले जाते आणि वधू-वर सूचक जाहिरातींतील ‘सडपातळ’ हे विशेषण त्या कौतुकावर शिक्कामोर्तब करते. आजाराच्या पहिल्या काही महिन्यांत मुलीला चहूबाजूंनी शाबासकीच मिळत असते. वजन कमी करण्याचा प्रत्येक प्रयत्न आजारात परिणत होत नाही, हे खरे आहे. परंतु ज्या थोड्या जणांत मुळातच तशी प्रवणता असते, त्यांच्यासाठी तो पहिला उंबरठा ठरू शकतो.

निकषांची चिकित्सा

खाण्याविषयीच्या विकृत वृत्तीची चाचपणी करण्यासाठी गार्नर व गारफिंकल यांनी १९७९ मध्ये एक प्रश्नावली तयार केली. १९८२ मध्ये तिची २६ प्रश्नांची संक्षिप्त आवृत्ती आली आणि ती जगभर वापरली जाऊ लागली. मायकेल किंग व दिनेश भुग्रा यांनी १९८९ मध्ये उत्तर भारतातील एका शहरातल्या शाळकरी मुलींच्या अशा चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. धोक्याच्या रेषेवर गुण मिळवणाऱ्या मुलींची संख्या अनपेक्षितपणे मोठी निघाली. त्या सर्व आजारी होत्या काय? उत्तरांची छाननी केल्यावर असे दिसले की, काही प्रश्नांचा अर्थ मुलींनी आपल्या सांस्कृतिक व धार्मिक संदर्भात लावला होता. खाण्यावर ताबा ठेवणे, अन्न वर्ज्य करणे यांविषयीच्या प्रश्नांना व्रतवैकल्यांच्या वातावरणात वाढलेली मुलगी अभिमानाने होकार देणारच. भाषांतर शब्दांचे झाले होते, व्यवहाराचे झाले नव्हते.

याच्या नेमकी उलट चूकही संभवते. १९९५ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील खंडेलवाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच तरुण स्त्रियांच्या आजाराची नोंद केली. अन्न नाकारणे, सततच्या उलट्या, वजनातील मोठी घट व पाळी बंद होणे ही लक्षणे त्यांच्यात होती. परंतु आपण जाड आहोत ही पाश्चात्त्य रुग्णांतील ठळक समजूत त्यांच्यात दिसली नाही. हाँगकाँगमध्ये सिंग ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ७० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील निम्म्याहून अधिक रुग्णांनी लठ्ठपणाची भीती हे कारण दिलेच नव्हते. पोट फुगते, जेवण जात नाही, इच्छा होत नाही, अशी कारणे ते सांगत होते. म्हणजे केवळ ‘लठ्ठपणाची भीती’ या खुणेवर विसंबले तर आशियाई घरांतील खऱ्या रुग्ण मुली हातातून निसटतात.

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानसंहितेने २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत या दिशेने काही पावले टाकली. वजनवाढीच्या भीतीबरोबरच ‘वजनवाढीत सतत अडथळा आणणारे वर्तन’ हा पर्यायही तिने ग्राह्य धरला आणि पाळी बंद होण्याची अट काढून टाकली. वजन अजून ‘योग्य’ दिसत असतानाही फार मोठी घट झालेली व्यक्ती गंभीर आजारी असू शकते, हेही आता मान्य झाले आहे. तरीही या चर्चेचा रोख मुख्यतः ‘ती का खात नाही’ या प्रश्नावर राहतो. ‘का’चे उत्तर संस्कृतीप्रमाणे बदलते, आणि पुष्कळदा ते रुग्णालाही ठाऊक नसते. विशेषतः जेथे न खाण्याची प्रतिष्ठित कारणे हाताशी तयार असतात, तेथे आजार सहजच त्यांचा आधार घेतो.

पारणे : एक देशी कसोटी

या अडचणीतून वाट काढण्यास मीरा-भाईंदरमधील चारही परंपरा मदत करतात. त्यांची तत्त्वज्ञाने भिन्न आहेत, परंतु उपवासाच्या रचनेत त्यांच्यात लक्षणीय साम्य आढळते. प्रत्येक उपवासाला सांगता आहे. एकादशीचे पारणे द्वादशीला होते. रोजा सूर्यास्ताला इफ्तारने सुटतो व महिन्याच्या शेवटी ईद येते. प्रायश्चित्तकाळाचा शेवट ईस्टरच्या सणात होतो. जैन तपश्चर्या पच्चक्खाण घेऊन ठरावीक मुदतीसाठी केली जाते आणि तपस्व्याचे पारणे हा कुटुंबाच्या आनंदाचा प्रसंग असतो. वर्षीतपाचे पारणे अक्षय्य तृतीयेला उसाच्या रसाने होते व तो रस आप्तेष्ट आपल्या हाताने पाजतात.

दुसरे साम्य सवलतीचे आहे. इस्लाममध्ये आजारी व्यक्तीला व प्रवाशाला रोजातून सूट आहे. कॅथलिक धर्मनियमात उपवासाचे बंधन १८ वर्षे पूर्ण झाल्यानंतरच सुरू होते. हिंदू व्रतांत आणि जैन तपातही ‘यथाशक्ती’ ही मर्यादा सांगितलेली आहे. तिसरे साम्य म्हणजे उपवास चारचौघांत, सांगून केला जातो. मराठी माणसाने तर ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणून स्वतःच्या उपवासाची थट्टाही करून घेतली आहे. साबुदाण्याची खिचडी, वरईचा भात व दाण्याची आमटी यांनी भरलेले उपवासाचे ताट हा एक सोहळाच असतो.

आजारातील न जेवणे या तिन्ही बाबतींत वेगळे पडते. त्याला मुदत नसते, ते सवलत घेत नाही आणि ते लपवले जाते. अशी मुलगी उपवासाच्या दिवशी उपवासाचे पदार्थही टाळते, आणि उपवास सुटण्याची वेळ आली की तिला आनंद होण्याऐवजी धास्ती वाटते. एक व्रत संपण्यापूर्वीच तिने दुसरे धरलेले असते. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांनी व अध्यापकांनी ‘ती का जेवत नाही’ या प्रश्नाबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : ‘हे कधी सुटणार आहे, आणि त्या दिवशी तिला निर्धास्तपणे जेवता येईल काय?’ कारण दडवता येते, पारण्याची भीती दडवणे अवघड जाते. ही कसोटी वैद्यकीय निदानाची जागा घेऊ शकत नाही. कधी कधी खऱ्या श्रद्धेने केलेल्या उपवासातूनही आजाराला सुरुवात होऊ शकते, हेही नाकारता येणार नाही. परंतु तज्ज्ञाकडे कधी जावे हे ठरवण्यास ती घरगुती भाषेत उपयोगी पडते, आणि तिच्यासाठी कोणाच्याही श्रद्धेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे लागत नाही.

साहित्यातील साक्ष

धर्माचरण आणि व्याधी यांच्यातील सीमारेषा ओळखणारी दृष्टी मराठी साहित्याला अपरिचित नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या १९३४ पासून भागांनी प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राच्या आरंभीच त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचे चित्रण येते. १८५७ च्या बंडानंतर आप्ताला झालेल्या फाशीच्या धक्क्याने ते सोवळे पराकोटीला गेले. विटाळाची सततची धास्ती आणि बाहेरून येणारे खाण्याचे जिन्नस धुऊन घेणे यांत सारे घर जुंपले गेले. त्या विटाळाच्या कल्पनेमागे जातिभेद होता, हे तर उघडच आहे. हा ॲनोरेक्सिया नव्हे, आणि त्याला आजचे एखादे वैद्यकीय नाव चिकटवण्याचीही गरज नाही. महत्त्वाची आहे ती लक्ष्मीबाईंची निरीक्षणदृष्टी. सोवळे हा प्रतिष्ठित शब्द समोर असूनही त्याने घरातील माणसांचे काय केले, हे त्या विनोदाच्या अंगाने पण स्पष्टपणे सांगतात. एका माणसाच्या भयाभोवती सगळ्या घराची दिनचर्या कशी गुंडाळली जाते, याचे हे मराठीतील लवकरचे आणि अत्यंत बोलके चित्र आहे. ॲनोरेक्सियाग्रस्त मुलीचे घर आज याच अनुभवातून जात असते.

याउलट टोकाची चूक टाळणेही आवश्यक आहे. रुडॉल्फ बेल यांनी ‘होली ॲनोरेक्सिया’ (१९८५) या ग्रंथात सिएनाच्या कॅथरिनसारख्या मध्ययुगीन संत स्त्रियांच्या उपवासाला या आजाराच्या चौकटीत बसवले. कॅरोलिन वॉकर बायनम यांनी १९८७ मध्ये त्या काळातील स्त्रियांच्या लेखी अन्नाला असलेला धार्मिक अर्थ उलगडून दाखवला आणि आधुनिक निदान भूतकाळावर लादण्यातील धोका पुढे आणला. मराठी संत कवयित्रींचा अभ्यास करणाऱ्यांनीही हा विवेक बाळगणे इष्ट ठरेल.

आधुनिक मराठी कलाकृतींचा विचार करता ‘देवराई’ (२००४) या चित्रपटाने स्किझोफ्रेनिया आणि ‘कासव’ने नैराश्य समजुतीने हाताळले. ‘वजनदार’ (२०१६) या चित्रपटाने तरुण स्त्रियांची वजनाविषयीची ओढाताण हलक्याफुलक्या पद्धतीने मांडली. परंतु न खाण्याच्या आजाराला मराठी कथा-कादंबरीत वा पडद्यावर असे ठळक स्थान मिळालेले दिसत नाही. ज्या अनुभवाला गोष्ट मिळत नाही, तो सांगायला रुग्णाजवळ शब्द उरत नाहीत, आणि ऐकणाऱ्याला तो ओळखताही येत नाही.

बरे होण्याची वाट

पारण्याच्या परंपरेत आणखी एक शहाणपण आहे. दीर्घ उपवास एकदम पंचपक्वान्नांनी सोडत नाहीत. रस, पेज, मऊ भात अशा क्रमाने तो सोडतात. आधुनिक वैद्यकही हेच सांगते. फार खंगलेल्या शरीराला अचानक भरपूर अन्न मिळाले तर रक्तातील फॉस्फेट व इतर क्षारांचे प्रमाण वेगाने घसरून हृदयाला धोका पोहोचू शकतो. त्यामुळे वजन झपाट्याने उतरले असेल, नाडी मंदावली असेल, चक्कर वा मूर्च्छा येत असेल, हातपाय गार पडत असतील तर प्रथम फिजिशियनकडे जाऊन तपासणी व रक्तचाचण्या करून घेणे अगत्याचे आहे. अशा रुग्णाचे ‘पारणे’ वैद्यकीय देखरेखीखालीच व्हावे लागते.

पारणे दुसऱ्याच्या हातून होते, हा त्यातील दुसरा धडा आहे. एके काळी या आजाराचा ठपका आईवर ठेवण्याची प्रथा होती. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुमारे १७ हजार रुग्णांच्या जनुकीय अभ्यासाने या आजाराचे काही दुवे मानसिक घटकांबरोबरच चयापचयाशीही जोडलेले असल्याचे दाखवले. दोषारोपाची ती भूमिका त्यामुळे अधिकच दुबळी झाली. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयाच्या परंपरेत विकसित झालेल्या कुटुंबाधारित उपचाराने पालकांना आरोपी न मानता उपचाराचे भागीदार केले. जेराल्ड रसेल व सहकाऱ्यांच्या १९८७ मधील अभ्यासात वयाच्या १९ वर्षांपूर्वी आजार सुरू झालेल्या आणि आजाराला तीन वर्षे पूर्ण न झालेल्या रुग्णांना कौटुंबिक उपचाराचा वैयक्तिक उपचारापेक्षा अधिक लाभ झाल्याचे आढळले. या पद्धतीत पहिल्या टप्प्यात काय, किती व केव्हा खायचे हे पालक ठरवतात व मुलीजवळ बसून तिला जेवायला लावतात. दुसऱ्या टप्प्यात हा ताबा हळूहळू तिच्याकडे परत दिला जातो. तिसऱ्या टप्प्यात शिक्षण, मैत्री, स्वातंत्र्य या वयोचित प्रश्नांकडे वळले जाते.

सतरा वर्षांच्या मुलीला काऊचिऊच्या घासाप्रमाणे भरवणे तिला व पालकांनाही अपमानास्पद वाटू शकते. म्हणूनच ही व्यवस्था तात्पुरती आहे, हे दोघांनाही माहीत असावे लागते. मराठी एकत्र कुटुंबात एक वेगळी अडचण येते. आजी आग्रह करते, वडील रागावतात, काका उपदेश करतात, आई रडते आणि प्रत्येक जेवण रणांगण होते. घरातील सर्वांनी एकच योजना मान्य करणे, जेवताना वाटाघाटी न करणे, वजन व उष्मांक यांची चर्चा ताटावर न आणणे आणि जेवणानंतर काही वेळ तिच्याजवळ थांबून मन दुसरीकडे वळवणे, एवढ्या गोष्टी साधल्या तरी पुष्कळ काम होते. ‘आम्हाला तू हवी आहेस, म्हणून हे जेवण औषधासारखे घ्यायचे आहे’ हा सूर शांत पण ठाम असावा. राग करायचाच तर तो आजारावर असावा, मुलीवर नसावा. या काळात धार्मिक उपवासाचा प्रश्न निघाल्यास तिच्या परंपरेतील सवलत तिला समजावून सांगण्यासाठी महाराजसाहेब, मौलाना, फादर किंवा घरचे गुरुजी यांचे शब्द डॉक्टरांच्या शब्दांइतकेच उपयोगी पडू शकतात.

वजन वाढले म्हणजे आजार गेला, असे नाही. शरीर सावरल्यानंतरही भीती कित्येक महिने रेंगाळते आणि परीक्षा, स्थलांतर, विवाहाची बोलणी अशा ताणाच्या प्रसंगी आजार उलटण्याचा संभव असतो. मात्र यातून पूर्ण बऱ्या होणाऱ्यांची संख्याही मोठी आहे, आणि उपचार जितक्या लवकर सुरू होतील तितकी ती शक्यता वाढते.

महाविद्यालयाची भूमिका

अध्यापक हा निदान करणारा नसतो, परंतु घराबाहेरचा पहिला साक्षीदार अनेकदा तोच असतो. उपहारगृहात मैत्रिणींपासून दूर राहणे, उकाड्यातही स्वेटर घालणे, अभ्यासातील अतिरेकी काटेकोरपणा, जिने चढउतार करण्याचा ध्यास, वर्गात एकाग्रता ढळणे यांपैकी एखादी खूण एकटी पाहिली तर फारसे काही सांगत नाही. अनेक खुणा एकत्र दिसू लागल्या तर त्या विद्यार्थिनीशी एकांतात बोलणे योग्य ठरते. त्या संभाषणात तिच्या दिसण्याविषयी बोलू नये. ‘तू थकलेली दिसतेस, काळजी वाटते’ एवढ्याने सुरुवात पुरेशी होते. वर्गात, स्नेहसंमेलनात किंवा क्रीडास्पर्धेत विद्यार्थ्यांच्या वजनावरून केलेली थट्टा व केलेले कौतुक, दोन्ही टाळले पाहिजेत. उपचारासाठी हजेरीत व परीक्षेत सवलत मिळवून देणे ही तर महाविद्यालयाच्या हातातील गोष्ट आहे.

मदतीचे मार्गही माहीत असावेत. २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराच्याच धर्तीवर विमासंरक्षण देण्याची तरतूद केली. केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून उपलब्ध झाली आहे. जवळच ठाण्यात १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’सारख्या संस्थेने मानसिक आरोग्याची भाषा मराठी घरांपर्यंत नेली आहे.

निष्कर्ष

ॲनोरेक्सिया नर्व्होसा हा केवळ परदेशातून आयात झालेला किंवा केवळ फॅशनच्या जगातील आजार आहे, ही समजूत टिकत नाही. तो येथे येथल्या शब्दांची वस्त्रे पांघरून वावरतो. ‘क्षुधानाश’ म्हटल्याने त्याचे स्वरूप चुकीचे कळते, ‘रुसवा’ म्हटल्याने त्याचे गांभीर्य हरवते आणि ‘उपवास’ म्हटल्याने त्याला प्रतिष्ठा लाभते. पाश्चात्त्य प्रश्नावल्या जशाच्या तशा वापरल्या तर निरोगी मुली रुग्ण ठरण्याचा आणि रुग्ण मुली निरोगी ठरण्याचा असा दुहेरी धोका संभवतो. या दोहोंच्या मध्ये, उपवासाला पारणे असते आणि आजाराला ते नसते, हा परंपरेतून मिळालेला साधा भेद उपयोगी पडतो. पारणे क्रमाने करावयाचे असते, ते आपल्या माणसांच्या हातून व्हावयाचे असते आणि पारण्याचा दिवस हा पराभवाचा न मानता आनंदाचा मानावयाचा असतो. हे तिन्ही अर्थ उपचाराच्या भाषेत आणता आले, तर बाकावर न उघडलेला डबा पाहून ‘उपवास असेल’ असे म्हणणारी व्यक्ती क्षणभर थांबेल आणि ‘सुटणार कधी?’ असेही विचारील. त्या एका प्रश्नाने एखाद्या मुलीचे काही महिने वाचू शकतात, आणि या आजारात काही महिन्यांना फार मोल असते.